गॅलियमचे दोन आकडे

सुजाता,

तुझ्या शोकसभेला एवढी माणसं आली की मला तुझा हेवा वाटला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तुझ्यापुढं खोटं बोलून माझा कधी निभाव लागलेला नाही. लोहाऱ्यात आपल्या कॉलेजच्या पटांगणात मांडव घातला होता, तरी निम्मे लोक बाहेर उन्हात उभे होते. त्रिशरण-पंचशील झालं आणि मग एकेकजण बोलायला उठला. तुझे जुने विद्यार्थी, त्यांचे आईबाप, आपल्या सकाळच्या एसटीचा कंडक्टर. तो तिकीट फाडत असताना तू त्याला त्याच्या पोरीच्या रसायनाच्या अडचणी विचारायचीस म्हणे. मी रोज तुझ्या शेजारच्या सीटवर असायचे, मला हे कधी कळलंसुद्धा नाही. प्रत्येकाला वाटत होतं की सुजाता मॅडम जास्त आपल्याच होत्या.

प्राचार्य माझ्याकडं वळून म्हणाले, ‘उज्ज्वला मॅडम, तुम्ही बोला. तुमच्याइतकं जवळचं कोण होतं त्यांना?’ मला उठवेना. लोकांना वाटलं, बाईला दुःख अनावर झालंय. दुःख होतंच. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. मी मेले तर यातले किती जण येतील?

तू असतीस तर खदखदून हसली असतीस. ‘बघ, माझ्या मयतीला येऊन पण तू स्वतःचाच विचार करायलीस.’

व्हय. करायलेय.

तुला हे सगळं पहिल्यापासून माहीत होतं, हीच तर माझी पंचाईत. धाराशिवला बी.एस्सी.ला आपण एका खोलीत राहायचो. मी पहाटे उठून घोकायचे. तू पुस्तकात बोट घालून भिंतीला टेकून झोपायचीस, आणि निकालात तुझं नाव माझ्या वर असायचं. एकदा मी तोंडावर सांगून टाकलं, ‘सुजाता, मला तुझा राग येतो.’ तू भाकरी मोडत होतीस. मान वरसुद्धा केली नाहीस. ‘मला म्हाईतंय की. पण ठेचा माझ्याच डब्यातला खातीस.’ तिथून पुढं माझा मत्सर आपल्या दोघींत उघडाच राहिला, घरातल्या एखाद्या खोडकर मांजरासारखा. तू त्याला कधी हाकललं नाहीस आणि मी त्याला कधी बांधून ठेवलं नाही.

मग नोकरीपण एकाच ज्युनिअर कॉलेजात लागली. मला भौतिकशास्त्र, तुला रसायन. भिंत एक, प्रयोगशाळा दोन. मधल्या दारातून तुझ्या वर्गातलं हसणं ऐकू यायचं आणि माझ्या वर्गातली पोरं तिकडं कान लावून बसायची.

जिल्ह्यातल्या आपण काही विज्ञान शिक्षकांनी मिळून मूलद्रव्यांच्या माहितीची मराठी पुस्तिका काढायचं ठरवलं, ते तुझ्याच डोक्यातून निघालेलं. एका गाईडात एक आकडा, दुसऱ्यात दुसरा, पोरांनी कुणावर विश्वास ठेवायचा, असं तू बैठकीत विचारलंस. द्रवणांक, उत्कलनांक, घनता, जे काही छापायचं ते निरनिराळ्या ठिकाणी पडताळायचं, आणि जमेल ते स्वतःच्या हातानं करून बघायचं, असा नियम ठरला. धातू वाटून घेतले. आपल्या दोघींच्या वाट्याला गॅलियम आलं.

मी कुरकुरले. लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम अशी ओळखीची मंडळी सोडून हे काय गळ्यात पडलं? तुला मात्र आनंद झाला. ‘अगं, तळहातावर ठेवलं की वितळतं ते. आपल्याकडं उन्हाळ्यात कपाटात बसल्याबसल्या पाणी होईल त्याचं. असला धातू लोहाऱ्याला कधी बघायला मिळणार?’

पण आणायचं कुठून? तू फोन फिरवलास आणि हैदराबादला प्रयोगशाळेत नोकरी करणारी तुझी जुनी विद्यार्थिनी आफरीन छोटी बाटली घेऊन हजर झाली. ‘मॅडम, साहेबांची परवानगी काढून आणलंय, खास तुमच्यासाठी.’ आफरीन दोन वर्षं माझ्याकडंही शिकली होती, बरं का. तिनं मला नमस्कार केला आणि तब्येत विचारली. तुझ्या गळ्यात पडली. मी बाटलीवरची चिठ्ठी वाचत बसले.

द्रवणांक मीच आधी मोजायचा, असं मी मनाशी ठरवलं. थंडीचे दिवस होते. तू सकाळच्या तासाला असताना मी बाटली कोमट पाण्यात धरली, धातू वितळला, परीक्षानळीत ओतला, त्यात तापमापी बुडवला आणि तो थिजायची वाट बघत बसले. पुस्तकात तिसाच्या जरासा खाली आकडा होता. पारा तिसाखाली गेला, धातू थिजेना. पंचविसाखाली गेला, तरी आरशासारखा चकचकीत, पातळच. मला कसला आनंद झाला म्हणून सांगू! स्टाफरूममध्ये जाऊन मी जाहीर केलं, ‘सगळी पुस्तकं चुकीची आहेत.’

तू तास संपवून आलीस, हातावरचा खडू झटकलास, वाकून परीक्षानळीत बघितलंस.

‘थिजायची वाट बघायलीस का वितळायची?’

‘एकच की.’

‘एकच असायला पाहिजे. पण हा धातू लबाड आहे. पहिला कण मिळेपर्यंत थिजायचं नावच घेत नाही.’

तू बाटलीच्या तोंडाशी चिकटून थिजलेला एक कण चिमट्यानं काढलास आणि आत टाकलास. चकचकीत पृष्ठभाग एका कडेनं मंद होत गेला. आणि तापमापीतला पारा, गार होणाऱ्या वस्तूतला पारा, उलटा वर चढायला लागला. सुटी झालेली बारावीची पोरं दारात गोळा झाली होती, ती आत सरकली. पारा चढत चढत तिसाच्या जरासा खाली येऊन थांबला. पुस्तकात होता तिथंच.

तू पोरांना म्हणालीस, ‘उज्ज्वला मॅडमनी नळी गार केली म्हणून हे बघायला मिळालं तुम्हाला.’ माझं चुकलं असं तू एकदाही म्हणाली नाहीस. म्हणाली असतीस तर भांडता तरी आलं असतं.

मग घनतेचं झालं. ढोकीच्या कारखान्यात ट्रॅक्टरवर असलेल्या बापाची पोरगी, अश्विनी, आठवते? आठवणारच म्हणा. चाचणीत तिनं लिहिलं होतं की घन गॅलियम द्रव गॅलियमवर तरंगतं. तू त्यावर फुली मारलीस. पोरगी पेपर घेऊन तुझ्याकडं न जाता माझ्याकडं आली. डोळ्यांत पाणी. ‘मॅडम, म्या वाचलंय, ते बर्फावानी हाय. सुजाता मॅडम म्हणत्यात न्हाय.’

मी पण वाचलं होतं. तिचा पेपर हातात घेऊन मी स्टाफरूममध्ये आले, तेव्हा माझी चाल बघून तुला कळलंच असणार.

‘धातू वितळला की पसरतो, हलका होतो,’ तू म्हणालीस. ‘गाईडातपण तसंच आहे. द्रवाची घनता कमी.’

‘गाईडात दोन्ही आकडे उलटे छापलेत. मी दोन ठिकाणी बघितलं.’

‘त्या दोघांनी एकमेकांचं बघून लिहिलं असंल तर?’

‘मग टाकून बघू की.’

‘बघू,’ तू म्हणालीस. ‘पण माझं बरोबर निघालं तर रुसायचं न्हाय.’

वर्ग भरलेला असतानाच आपण ते केलं. वितळलेलं गॅलियम छोट्या चंचुपात्रात, खाली कोमट पाणी. तू फ्रीजमधला घट्ट तुकडा चिमट्यात धरून अलगद सोडलास. तो वरच राहिला. मी अश्विनीकडं बघितलं.

‘थांब,’ तू म्हणालीस. ‘वर साय धरलीय. सायीनं पेललं असंल त्याला.’

खरं होतं, दुधावर धरते तसा पातळ पापुद्रा होता. हे मला सुचलं नव्हतं. तू काचेची कांडी घेतलीस, तुकडा तळाला दाबलास आणि कांडी काढून घेतलीस. तुकडा वर आला. तू परत दाबलास. परत वर आला. मग तू कांडी माझ्या हातात दिलीस, ‘तू दाब.’ मी दाबला, वर आला. मग अश्विनीला दिलीस.

त्यानंतर तू जे केलंस त्याचा मला अजून हेवा वाटतो. अश्विनीचा पेपर मागून घेतलास, स्वतःची फुली खोडलीस, गुण वाढवलेस आणि सगळ्यांपुढं म्हणालीस, ‘माझं चुकलं, अश्विनी. तू बरोबर होतीस. उज्ज्वला मॅडम बरोबर होत्या. आपल्या पुस्तिकेत आता बरोबर छापू.’ वर्गानं टाळ्या वाजवल्या. तुझ्यासाठी! जिंकले मी, आणि चंदेरी ओघळ लागलेली कांडी हातात धरून मी तुझ्यासाठी वाजलेल्या टाळ्या ऐकत उभी. अश्विनीनं पुढं बी.एस्सी.ला रसायनच घेतलं. तिच्या बाजूनं भांडले मी, आणि तिला व्हायचं होतं सुजाता मॅडमसारखं.

परतताना जीपमध्ये मी बोलले नाही. लोहाऱ्याची जीप म्हणजे गुडघ्याला गुडघा, तिथं अबोला धरणंसुद्धा सोपं नाही.

‘जिंकून पण तोंड पाडून बसलीस?’

‘हरायचं कसं ते पण तुलाच येतं,’ मी म्हणाले.

तू एवढ्या मोठ्यानं हसलीस की ड्रायव्हरनं आरशातून मागं बघितलं. मग जरा वेळानं, बाहेर उसाच्या ट्रॉल्या जाताना, तू हळूच म्हणालीस, ‘तू बरोबर निघालीस, लई बरं वाटलं बघ मला. दरवेळी मीच बरोबर असले की एकटं वाटतं गं.’

माझा फाटा आला, मी उतरले. त्यानंतर कितीतरी वेळा ते वाक्य ओठावर आणलं, विचारावंसं वाटलं, की सुजाता, एकटं म्हणजे कसं वाटतं? ज्या उंचीवर मी आयुष्यभर डोळा ठेवून होते, तिथं बसलेलीला एकटं वाटतं, हे मला पटतच नव्हतं. विचारायचं राहिलं ते राहिलंच.

माझ्या घरातसुद्धा तू जागा पटकावलीस. माझ्या सासूबाईंनी मी कॉलेजात काय शिकवते हे इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. तू एका रविवारी आलीस, त्यांच्यासमोर जमिनीवर बसून शेंगा फोडल्यास, आणि गॅलियम म्हणजे काय ते त्यांना सांगितलंस. नंतर शेजारणींना त्याच सांगायच्या, ‘आमच्या सुजातानं हातावर पाणी होणारं लोखंड आणलंय.’ मी म्हणाले, ‘आई, मी पण त्यातच आहे.’ तर म्हणाल्या, ‘व्हय, तू असशीलच की.’ तू गेल्याचं कळलं तेव्हा त्या जेवल्या नाहीत. मी स्वयंपाक करून ताट वाढलं, त्यांनी ते सारलं, आणि मला तिथंही, सुजाता, तिथंही वाटून गेलं की माझ्यासाठी या उपाशी राहतील का?

एवढं जळून मला मिळालं काय, हा हिशेब मी हल्ली करते. तुझ्यावर मात करायची म्हणून मी वाचायला लागले. नाहीतर पहिल्या वर्षी काढलेल्या नोट्स निवृत्तीपर्यंत वाचून दाखवल्या असत्या, तशी दाखवणारी माणसं आपण बघितलीच आहेत. तू पुढच्या दाराशी उभी असायचीस म्हणून मी चालत राहिले. याला उपकार म्हणायचं का, मला ठाऊक नाही. म्हणायचं असलं तरी तुझ्या तोंडावर मी म्हणाले नसते.

पुस्तिका जवळपास पुरी झाली आणि आपलं शेवटचं भांडण लागलं. गॅलियमच्या उत्कलनांकाचं. एका नव्या संदर्भात बावीसशे चार अंश, दुसऱ्या जुन्यात चोवीसशे तीन. दोन्ही पुस्तकं नावाजलेली. फरक थोडाथोडका नाही, जवळजवळ दोनशे अंशांचा. आणि हे आपल्या प्रयोगशाळेत करून बघायचं म्हणजे अशक्य, तिथं बर्नरवर पाणी उकळायला तास जातो.

तुझं म्हणणं, दोन्ही आकडे द्यायचे आणि खाली स्पष्ट लिहायचं की आम्हाला तपासता आलेलं नाही. माझं म्हणणं, पोरांना परीक्षेत एकच चौकट भरायची असते. आपण नवा संदर्भ धरू, एक आकडा देऊ, मोकळं होऊ.

‘आपल्याला म्हाईत न्हाय ते म्हाईत असल्यासारखं छापायचं?’

‘आणि पुस्तिका उघडून पोरगं बघणार काय, की दोन मॅडमना ठरवता आलं नाही?’

‘मग बघू दे की! त्यालापण कळू दे, ठरवता येत न्हाय असं पण असतं.’

भांडण मिटायच्या आत तू आजारी पडलीस. सोलापूरच्या दवाखान्यात तुला भेटायला आले तेव्हा तुझे मालक बाहेर बाकड्यावर बसून होते. म्हणाले, ‘वहिनी, तिला बोलायला लावू नका, थकती.’ मी आत आले आणि तूच सुरू झालीस, ‘काय ठरवलंस? बावीसशे का चोवीसशे?’ तुझा हात केवढासा झाला होता. मला वाटलं, आता मान्य करून टाकावं, तुझंच खरं म्हणावं. पण मी तुला इतकं ओळखत होते की माझी दया तुला सुईपेक्षा जास्त टोचली असती. म्हणून मी भांडले. ‘बावीसशे चार. एकच आकडा.’

तुझ्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली. ‘तू जिंकलीस तर मला चालंल. पण पुराव्यानं जिंक.’

‘मला पुरावा नको, मला पान छापायला पाठवायचंय.’

सिस्टर आली आणि तिनं मला बाहेर काढलं. दारातून वळून बघितलं तर तू बोटांनी दोन अशी खूण करत होतीस. दोन आकडे.

तुझं सगळं क्रियाकर्म उरकल्यावर पुस्तिकेचं काम बघणारे बेंबळीचे गुरुजी आले. छपाईला जायचा मजकूर त्यांनी माझ्यापुढं ठेवला. उत्कलनांकाची चौकट रिकामी होती. ‘मॅडम, आता तुम्हीच ठरवा. आता कोण आडवं येणार?’ ते सहज म्हणाले.

मी आकडा लिहिला नाही. पुराव्यानं जिंक म्हणाली होतीस ना? पुण्यात धातूंवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेतल्या सरांचा नंबर कुणाकुणाला विचारून मिळवला आणि फोन लावला. लोहाऱ्याहून बोलतेय, गॅलियमचा उत्कलनांक, एवढं सांगितलं तर ते म्हणाले, ‘हो का? मागं तुमच्याकडच्याच एका मॅडमनी फोन केला होता याच विषयावर. आवाज फार खोल गेलेला होता. दवाखान्यातून बोलतेय म्हणाल्या.’

इथंही तू आधी पोचलेली.

‘काय विचारलं त्यांनी?’

‘मी त्यांना सांगितलं की एवढ्या तापमानाला थेट उकळून कुणी सहजासहजी बघत नाही. कमी तापमानाला वाफेचा दाब मोजतात आणि गणितानं पुढं नेतात. सुरुवात जराशी वेगळी झाली तरी शेवटी मोठा फरक पडतो. त्यामुळं यातला अमुकच बरोबर, असं मी छातीठोक सांगणार नाही.’ ते पुढं म्हणाले, ‘एवढं सांगितल्यावर मला वाटलं, झालं. तर त्या माझीच उलटतपासणी घ्यायला लागल्या. नवी मोजणी जास्त खात्रीची धरायला काय हरकत आहे? पोरांना एकच आकडा द्यायचा झाला तर बावीसशे चार का नको? एकेक मुद्दा काढत होत्या. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही बावीसशे चारच्या बाजूच्या दिसता. तर हसल्या. म्हणाल्या, मी न्हाय हो, माझी मैत्रीण आहे त्या बाजूची. ती आज इथं न्हाय, म्हणून तिच्या वतीनं मी भांडतेय.’

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि तिथंच खाली बसले. मला किती जळायला झालं म्हणून सांगू, सुजाता! सलाईन लावलेल्या हातात फोन धरून तू माझी बाजू लढवलीस, आणि मला सुचले नव्हते असले मुद्दे काढून लढवलीस. मी तुझी बाजू अशी कधी लढले असते का? नसते. मांडलीसुद्धा नसती. आणि मग असं रडू फुटलं की सासूबाई काठी टेकत आत आल्या आणि काही न विचारता माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी चौकट भरली. दोन्ही आकडे लिहिले. तू बोटांनी खूण केली होतीस म्हणून नाही, मला पटलं म्हणून. पुरावा तुझ्या बाजूनं होता. खाली एक ओळ टाकली: ‘यांपैकी कोणता आकडा अचूक आहे हे आम्ही ठरवू शकलो नाही.’

गुरुजींनी ती ओळ वाचली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग जरा चाचरत म्हणाले, ‘मॅडम, इथं “आम्ही” लिहिलंय तुम्ही. त्याचं “मी” करू का आता?’

‘नको,’ मी म्हणाले. ‘“आम्ही”च राहू द्या.’